राजधानीतलं अर्धं मत

मी वॉशिंग्टनमध्ये राहते म्हटलं, की नागपूरचे नातेवाईक विचारतात, "व्हाइट हाउसच्या जवळ का?" आणि नदीपलीकडे व्हर्जिनियात राहणारे आमचे मराठी मित्र विचारतात, "सेफ आहे का गं तिकडे?" पहिल्यांना मी सांगते, बसने पंचवीस मिनिटं. दुसऱ्यांना काही सांगत नाही, कारण एकदा सुरुवात झाली की मी भांडते.

खरं तर मीही आठ वर्षं त्यांच्यातलीच होते. प्रत्येक घराला दोन गाड्यांचं गॅरेज, शनिवारी इंडियन ग्रोसरी, रविवारी कुणाकडे तरी पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून. रस्त्यावर पायी चालणारा माणूस दिसला तर त्याची गाडी बंद पडली असणार, असं समजायचं. डीसी, म्हणजे वॉशिंग्टन, ही पाहुणे आले की दाखवून आणायची जागा होती. गाडी पार्क करायची, संसदेचा घुमट दाखवायचा, मनोऱ्यापुढे फोटो काढायचा आणि ट्रॅफिक लागायच्या आत पूल ओलांडून परत यायचं. मग माझ्या नोकरीची जागा शहरात हलली, येण्याजाण्यात रोजचे तीन तास जायला लागले, आणि एका शुक्रवारी पुलावरच्या गाड्यांच्या रांगेत मी रागारागाने ठरवलं की आता नदीच्या पलीकडेच राहायचं. शहराच्या ईशान्य भागात एक अरुंद, विटांचं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेलं घर भाड्याने घेतलं. आईला घेऊन तिथे आले आणि पहिल्याच आठवड्यात या शहराच्या प्रेमात पडले.

शहर म्हणते, पण तसं ते जिल्हाच आहे. डीसीतला डी म्हणजे डिस्ट्रिक्टच. राज्य नाही, आणि कुठल्या राज्यातही नाही. देशाची राजधानी कुणा एका राज्याच्या मुठीत नको म्हणून दोन राज्यांनी नदीच्या दोन्ही काठांवरची आपापली जमीन काढून दिली, तिच्यावर एक तिरका चौकोन आखला, आणि पन्नासेक वर्षांनी व्हर्जिनियाने आपला भाग परत मागून घेतला. त्यामुळे नकाशात हा प्रदेश कुणीतरी एक घास खाल्लेल्या शंकरपाळ्यासारखा दिसतो. एका टोकाहून निघालं तर सायकलने सकाळच्या सकाळी दुसऱ्या टोकाला पोचता येतं.

मधोमध संसदेचा घुमट, तिथून प्रदेशाचे चार भाग. उभे रस्ते आकड्यांचे, आडवे अक्षरांचे, आणि त्यांना तिरके छेदत जाणारे मोठे रस्ते वेगवेगळ्या राज्यांच्या नावांचे. तोच आकडा, तेच अक्षर चारही भागांत सापडतं, आणि पत्त्याच्या शेवटी भाग लिहायला विसरलात तर झालं. माझा इथला पहिला पिझ्झा वायव्येतल्या कुणीतरी खाल्ला. इथे उंच इमारती बांधायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे इतक्या मोठ्या देशाच्या राजधानीत मान न वर करता आभाळ दिसतं. सरकारी म्युझियम सगळी फुकट. आई डब्यात पोळी-भाजी घेऊन दर बुधवारी एक म्युझियम बघायची, आणि एकेका दालनात इतका वेळ उभी राहायची की पहारेकरी तिला ओळखायला लागले.

पण मला आवडलं ते या सगळ्याच्या मागचं शहर. तिथे ओळीने विटांची घरं, प्रत्येकापुढे चार पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर बसलेली माणसं. इथे रस्त्याने जाताना अनोळखी माणसाला नमस्कार न करता पुढे जाणं हा उद्धटपणा आहे. व्हर्जिनियात आठ वर्षांत माझ्याशी जितके शेजारी बोलले नव्हते, तितके इथे पहिल्या महिन्यात बोलले. त्यातली सगळ्यात जास्त बोलली ती डावीकडच्या घरातली आजी. सत्तरीची, सावळी, उंचीपुरी. जन्म याच गल्लीतला, नोकरी तीस वर्षं शहराची बस चालवण्याची. आईने शाळेत शिकवलंय हे कळल्यावर ती तिला 'टीचर' म्हणायला लागली, आणि आई तिला 'बाई', कारण नागपुरात शाळेतल्या सगळ्या जणी एकमेकींना बाईच म्हणायच्या. आईचं इंग्रजी पुस्तकी, तिचं बसमधलं. तरी दोघींचं तासन्‌तास चालायचं.

आईबद्दल सांगायला हवं. ती नागपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होती. हा विषय इतर शिक्षक गळ्यात पडला म्हणून शिकवतात, वीस मार्कांचा म्हणून मुलं वाचत नाहीत, आणि आई मात्र तो पदर खोचून शिकवायची. आमच्याकडे मुंजी नसतात, पण लग्न असो, वाढदिवस असो की वास्तू असो, ती सगळ्यांना संविधानाचीच प्रत भेट द्यायची. तिच्या आजीला गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. आणि तिच्या वडिलांच्या मताचं वजन पाटलाच्या मताइतकंच होतं, हे तिने लहानपणी त्यांचं बोट धरून मतदानाच्या रांगेत उभं राहून पाहिलं होतं. तिने आयुष्यात एकही मतदान चुकवलं नाही. इथे आल्यावर लोकसभेची निवडणूक आली तर माझ्या मागे लागून तिकीट काढलं आणि एप्रिलच्या उन्हात नागपूरला जाऊन, मत देऊन, पुढे चार महिने तिथे राहून आली.

त्याच फेरीच्या परतीत विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिला अर्धा तास उभं केलं. ग्रीन कार्ड आहे तर इतके महिने बाहेर का होतात, पुन्हा असं केलंत तर कार्ड जाईल, असं सगळ्या रांगेदेखत सांगितलं. आई घरी आली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. तिला नागपूरला महिनोन्‌महिने राहता यायला हवं होतं आणि मला ती म्हातारपणी माझ्याजवळ हवी होती. बाबा गेल्यापासून मला तिच्याशिवाय जवळचं कुणी नाही. या दोन्हींचा मेळ एकाच गोष्टीने बसत होता. तिने इथलं नागरिकत्व घ्यायचं. पाच वर्षं पुरी होताच, आम्ही व्हर्जिनियात असतानाच, मी तिचा अर्ज भरला.

नागरिकत्वाच्या मुलाखतीत देशाच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारतात. प्रश्न आधी छापलेले असतात, त्यातले दहा विचारतात. मी सगळे प्रश्न कार्डांवर लिहून दिले, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. आईला तो अभ्यास म्हणजे दिवाळी होती. मोठ्याने पाठ करायची, आणि मधेच म्हणायची, "तिसरा प्रश्न नीट काढला नाही यायनं." एकदा तिने मला दप्तरखान्यात नेलं, जिथे इथल्या राज्यघटनेची मूळ पानं मंद उजेडात काचेखाली ठेवली आहेत. काचेपाशी पोचल्यावर हळूच मला म्हणाली, "चपला काढायच्या का गं?" नको म्हटल्यावरही तिने पर्स खाली ठेवून हात जोडलेच.

आम्ही डीसीत आलो त्यालाही दोन महिने झाले होते. मे महिन्यातली संध्याकाळ. आई पायऱ्यांवर बसून कार्डं पाठ करत होती, बाई कुंड्यांना पाणी घालत होती, मी आत भात लावत होते. तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातल्या सदस्याचं, नाव सांगा, हा प्रश्न आईने वाचला आणि खणखणीत उत्तर दिलं. बाईने पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"टीचर, ते व्हर्जिनियाचे. आपले नाहीत."

"देन हू इज अवर्स?"

"वी डोन्ट हॅव वन."

आईने विचारलं, "वन ऑर टू?" तिला वाटलं, प्रत्येक राज्याला दोन असतात, इथे एकाची जागा रिकामी असेल.

"झिरो, टीचर," बाई म्हणाली आणि तिने आपल्या गाडीची नंबरप्लेट दाखवली. कर घेता पण प्रतिनिधित्व देत नाही, अशी तक्रार इथे गाड्यांच्या सरकारी नंबरप्लेटवरच छापलेली असते. आमच्या गाडीवर आळसापायी अजून व्हर्जिनियाचीच पाटी होती, म्हणून आईने ती तक्रार कधी नीट वाचली नव्हती.

आई आत आली. ओट्याशी उभी राहिली. "तू मले चुकीचे कार्ड दिले."

"सॉरी आई. शिफ्टिंगच्या गडबडीत डोक्यातूनच गेलं. एकच तर कार्ड बदलायचं आहे."

"एक कार्ड? अगं, इथं खासदारच नाही म्हणते ती! खरं आहे का हे?"

"एक प्रतिनिधी जातात खालच्या सभागृहात. बोलू शकतात. पण कायद्यावर शेवटचं मत देता येत नाही."

"न्‌ वरच्या?"

"वरच्यात कुणीच नाही."

"राष्ट्राध्यक्षाचं मत?"

"ते आहे. तेही खूप उशिरा मिळालं. बाईच्या आईला ती चाळिशीला आल्यावर मिळालं असेल."

"न्‌ टॅक्स?"

"टॅक्स सगळा. पूर्ण."

कुकरची शिट्टी झाली, आईने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "दिल्लीचे सात खासदार आहेत. मी तेहतीस वर्षं पोरायले शिकवलं. राजधानी असली म्हणून माणसाचं मत कमी होत नाही. आन् हे, जगाले लोकशाही शिकवणारे, घुमटाच्या सावलीत राहणाऱ्यालेच मत देत नाही?" मी काही बोलणार तेवढ्यात तिने हातानेच थांबवलं. "मी माझं पूर्ण मत तिकडे टाकून येऊ, आन् इथं अर्धं घेऊ? मी नाही जात इंटरव्ह्यूले."

मुलाखत तीन आठवड्यांवर होती. मी समजावलं, ओरडले, एकदा तर रडलेसुद्धा. व्हर्जिनियात परत जाऊ म्हटलं, तिथे पूर्ण मत आहे. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे मतासाठी पळून जायचं?" कार्डांचा गठ्ठा तिने रबरबँड लावून कपाटात ठेवून दिला. मी गुपचूप चुकीचं कार्ड काढून त्या जागी नवीन लिहून ठेवलं, पण तिने गठ्ठा उघडलाच नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. विमानतळावरचा तो अधिकारी डोळ्यांसमोर यायचा. आणखी दोन वर्षांनी असंच कुणीतरी आईचं ग्रीन कार्ड काढून घेईल आणि माझी आई सात समुद्रांपलीकडे एकटी राहील, ही भीती मला खात होती.

दुसऱ्या आठवड्यात बाई दारात आली. वाचनालयाच्या तळघरात वस्तीची मीटिंग आहे, टीचरने यावं, म्हणाली. आईला नाही म्हणता येईना. मीही मागोमाग गेले.

या प्रदेशात चार-पाच गल्ल्या मिळून एक माणूस निवडतात. पगार नाही, मान फारसा नाही, आणि शिव्या भरपूर. असे सात-आठ जण महिन्यातून एकदा वस्तीसमोर बसतात. त्या दिवशी लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर साठेक माणसं होती. उंदरांवर अर्धा तास चर्चा झाली. मग एका दारूच्या दुकानाच्या परवान्यावर भांडण. एका तरण्या माणसाने झाडाची फांदी तोडायला परवानगी मागितली तर दोन आज्या उठून त्या झाडाची वंशावळ सांगू लागल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "ही ग्रामसभा आहे." आणि खुर्चीत सरळ झाली.

मग बाई उठली. शाळेजवळच्या एका कोपऱ्यावर स्टॉपची पाटी हवी, हा तिचा मुद्दा. शहराच्या कुणा इंजिनिअरने गरज नाही असा अहवाल दिला होता. बाईने अहवाल हातात धरला आणि सांगितलं, की हा कोपरा मी तीस वर्षं बस घेऊन वळले आहे. बसच्या सीटवरून फुटपाथवरची चार फुटांखालची पोरं दिसत नाहीत, इंजिनिअरच्या गाडीतून दिसत असतील. तिने एकाही वाक्यात आवाज चढवला नाही. समोर बसलेल्या निवडलेल्या सगळ्यांनी हात वर केले, ठराव झाला. आईचाही हात वर गेला होता. मी तो हळूच खाली ओढला, कारण मत फक्त त्या निवडलेल्यांनाच होतं.

परतताना आईने बाईला विचारलं, की इथे केलेला कायदासुद्धा घुमटाखालचे लोक रद्द करू शकतात, हे खरं का? खरं, बाई म्हणाली. केलाय पण रद्द. तुमच्यापैकी कुणी त्यांना निवडलेलं नसतं? नाही. "देन व्हाय यू कम?" आईने विचारलं. चिडूनच विचारलं, मला वाटतं.

बाई थांबली आणि सांगायला लागली. तिची आई चाळिशी उलटेपर्यंत राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नव्हती, तरी प्रत्येक मीटिंगला यायची, चर्चच्या तळघरात, याहून मोडक्या खुर्च्यांवर. "मी घरी बसले तर त्यांना बरंच आहे, टीचर," ती म्हणाली. "आणि आज पाटी मिळाली की नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई टेबलाशी बसून गठ्ठ्याचा रबरबँड काढत होती. मी बदललेलं कार्ड तिने वाचलं आणि माझं अक्षर खराब झाल्याबद्दल मला सुनावलं.

मुलाखतीच्या खोलीत अर्जदाराशिवाय कुणाला सोडत नाहीत. मी बाहेर बसून नखं खाल्ली. नंतर गाडीत तिने सगळं सांगितलं. अधिकारी तरुण होता, नम्र होता. सिनेटरचा प्रश्न पाचवा आला. ती म्हणाली, नन, आय लिव्ह इन द डिस्ट्रिक्ट. त्याने बरोबरची खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला, तेव्हा आईने त्याला थांबवलं आणि दिल्लीचे सात खासदार, त्यांची निवडणूक, दोन सभागृहं, हे सगळं समजावून सांगितलं. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं. "मग काय म्हणाला?" मी घाबरून विचारलं. "म्हणाला, मॅम, मले बाकीचे प्रश्न विचारावे लागतील. त्याच्या आधी माझा एक चुकला होता. तिथून पुढे सगळे बरोबर दिले." ती पास झाली होती आणि मला मिठी मारायचं सोडून चुकलेल्या एका प्रश्नावर चिडली होती.

शपथेला बाई आली, रविवारची चर्चची मोठी जांभळी टोपी घालून. कितीतरी देशांची माणसं हात वर करून उभी होती. आई पांढऱ्या साडीत होती आणि शपथेतला प्रत्येक शब्द तिने स्पष्ट उच्चारला, जुन्या देशावरची निष्ठा सोडते हे वाक्यसुद्धा. मला ते ऐकवलं नाही, मी खाली बघत राहिले.

मग भारताचा पासपोर्ट परत करण्याचे सोपस्कार झाले. मला वाटलं, संपलं. त्यानंतरच्या रविवारी, जेवण झाल्यावर, आई म्हणाली, मतदार यादीतून नाव कमी करायचा अर्ज प्रिंट करून दे.

"आई, हे कोणी करत नाही गं. इथे अर्ध्या लोकांची नावं अजून यादीत आहेत. राहू दे ना. कुणाचं काय जातं?"

तेव्हा तिने मला आठवण करून दिली, की शाळेत असताना शिक्षकांना मतदार याद्यांची ड्यूटी लागायची आणि ती भर उन्हात घरोघर जाऊन मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी करायची. "लोक हातापाया पडत. राहू द्या बाई, पोरगा येईल परत, म्हणत. एक म्हातारी तर माझ्या रजिस्टरवर हात ठेवून बसली होती. त्यायची काढली मी. आन् माझं ठेवू?"

मी प्रिंट काढून दिली. तिने निळ्या शाईने नाव लिहिलं, बाबांचं नाव लिहिलं, मतदारसंघ, यादीतला अनुक्रमांक तोंडपाठ लिहिला. कारणांच्या रकान्यात चार-पाच पर्याय होते. मृत्यू. स्थलांतर. त्यांच्याखाली, भारताचा नागरिक नाही. तिथे तिचं पेन थांबलं. तिने कागद माझ्याकडे सरकवला. "तू कर खूण."

मी पेन घेतलं. मला जमलं नाही. तिनेच पेन परत घेतलं, खूण केली, खाली शाळेच्या मस्टरवर करायची तशी पूर्ण सही केली, आणि मग रडली. बाबा गेले तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

सहीवर पाणी पडून शाई पसरली होती. तिने डोळे पुसले, तो अर्ज फाडला आणि मला दुसरी प्रत काढायला लावली. सरकारी कागद आहे, म्हणाली, स्वच्छ गेला पाहिजे.